आईला विचारून

माझी थोरली बहीण इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. आम्ही तिला आक्का म्हणतो आणि लाँड्रीतल्या बायका ‘चौकीदार’, कारण घराच्या कुलपाची किल्ली कायम तिच्या कमरेला असते. मुलगा तान्हा असताना तिचा नवरा एका पहाटे दार लोटून निघून गेला. सत्याच्या शोधात गेला, असं मागाहून कळलं. सत्य सापडलं की नाही देव जाणे, तो काही परत आला नाही. मी आजही त्याला शिव्या घालतो. आक्का मात्र त्याचं नाव काढत नाही, फक्त रात्री आतून कुलूप लावते.

तोच मुलगा बाविशीत जेवता जेवता म्हणाला, त्याला भिक्खू व्हायचंय. आक्काचा घास हातातच राहिला. त्यानंतर ती त्याच्याशी चकार शब्द बोलेना. मग विहारातून निरोप आला, आईच्या होकाराशिवाय दीक्षा मिळणार नाही. माझा जीव भांड्यात पडला. नाही म्हण आणि मोकळी हो, असं वाटेत बजावतच मी तिला तिकडे नेलं.

मुलगा चटईवर मान खाली घालून बसला होता. आक्कानं किल्ली मुठीत आवळली होती. तिनं म्हाताऱ्या भंतेजींना विचारलं, हा नियम आला कुठून?

त्यांनी सांगितलं. बुद्ध राजपुत्र होते तेव्हा झोपलेली बायको आणि तान्हं मूल सोडून रात्री निघून गेले. पुढे बुद्ध होऊन आले, तेव्हा त्यांनी त्या मुलालाही दीक्षा दिली. बुद्धांचे वडील कळवळून म्हणाले, हे दुःख कातडी चिरून हाडापर्यंत जातं. यापुढे आईबापांना विचारल्याशिवाय कुणाचं मूल घेऊ नका. बुद्धांनी ते मानलं.

“आणि बायकोला?” आक्का म्हणाली. “तिला कुणी विचारलं होतं?”

भंतेजी म्हणाले,

“नाही, बाई.”

आता ही तिथेच तोंड सोडणार, असं मला वाटलं. आक्का उठली आणि मुलासमोर जाऊन बसली.

“तू विचारलंस. जा,” ती म्हणाली. “तुझ्या बापानं नुसतं विचारलं असतं ना, तर त्यालाही मी अडवलं नसतं.”

घरी आल्यावर तिनं किल्ली खिळ्याला अडकवली आणि लाँड्रीतल्या पाळीला निघाली. कुलूप लावू का, मी विचारलं. दार नुसतं लोटून घे, म्हणाली.