काकांच्या गाडीतलं तेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते माझ्या वडिलांच्या मावसभावाचे, म्हणजे कलकत्त्याच्या काकांचे. आणि स्वतःच्या पोटापेक्षा गाडीच्या पोटातल्या तेलाची जास्त चिंता करणारा दुसरा माणूस अख्ख्या बंगालात नसावा. बी. ए. होऊन मी सांगोल्याहून भवानीपूरला त्यांच्या घरी नोकरी शोधायला आलो, तेव्हा प्रवास कसा झाला हे विचारण्याआधी त्यांनी विचारलं, "बाळू, गिअरबॉक्सला तेल पातळ चांगलं की दाट? तुझं मत सांग." मोटार आली की बाजूला व्हायचं, एवढंच मला मोटारीबद्दल ठाऊक होतं.

काका तागाच्या एका कचेरीत हिशेब लिहीत. लढाईनंतर लष्कराचं सामान मोडीत निघालं, त्यातून त्यांनी चार गिअरांची पेटी आणली आणि आपल्या तीन गिअरांच्या म्हाताऱ्या गाडीत बसवली. ती बसली, पण नाक वर करून. त्यामुळे तेल सगळं मागे जाई आणि पुढचं बेअरिंग कोरडं राही. जास्त तेल घातलं तर ते क्लचवर सांडे आणि गाडी जागच्या जागी नुसती गुरगुरे. म्हणून निघण्यापूर्वी आणि पुढे दर दोन-तीन मैलांवर काका मागची चाकं जॅकने उचलीत, गाडीचं तोंड खाली करीत आणि तेल पुढे उतरेपर्यंत शेजारी उभे राहत. कोपऱ्यावरचा पानवाला हात जोडून विचारी, "की मोशाय, गाडी आज कोन ठाकूरके प्रोणाम कोरछे?" म्हणजे, गाडी आज कुठल्या देवाच्या पाया पडतेय? लग्नाला निघालेल्या काकू शालू सावरत त्या तिरप्या गाडीत बसून राहत. "माझ्या गुडघ्यांना कधी विचारलंत का, तेल हवंय का म्हणून?" काका गंभीरपणे म्हणत, "तुझे गुडघे मिनिटाला दोन हजार फेरे घेत नाहीत."

मला गार्डन रीचच्या एका कचेरीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. साडेदहाला हजर नसल्यास नाव बाद. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि कित्येक महिन्यांत आलेलं हे एकच बोलावणं. नेमक्या त्या दिवशी ट्राम बंद. काका म्हणाले, "बस गाडीत."

खिदिरपूरला जहाज जायचं म्हणून पूल उचललेला होता. आम्ही चढावर अडकलो, गाडीचं तोंड आभाळाकडे. तेल मागे चाललंय हे काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पूल खाली आला तेव्हा दहा वाजून गेले होते. गाडी हलताच पुढून बारीक, रडका आवाज येऊ लागला.

"काका, थांबा. मी जॅक काढतो."

"बस खाली."

"अहो, पण बेअरिंग..."

"बेअरिंग माझं आहे. तू साहेबाला काय सांगणार ते म्हणून दाखव. इंग्रजीत!"

मी म्हणत गेलो, पेटी ओरडत गेली. कचेरीच्या फाटकाशी तिचा आवाज थांबला आणि गाडीही थांबली. "पळ. मागे बघू नकोस," काका म्हणाले. मी पळालो आणि वेळेत पोचलो. दुपारी बाहेर आलो, तर ते चाकाला टेकून फुटपाथवर बसले होते, कोपरापर्यंत काळे. मला पाहून म्हणाले, "इंग्रजी कुठे अडलं का रे?" पेटीचं त्यांनी नावही काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.

पुढे नेमणुकीचा कागद आला. तो मिळताच मी राहत होतो त्याच घराच्या पत्त्यावर काकांना पोस्टातून पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार. तुम्ही पलीकडच्या खोलीत आहात आणि मी हे लिहितो आहे, कारण बोलायला आलो की मला रडू येतं आणि तुम्ही विषय बदलता. त्या दिवशी थांबला असतात तर तुमची पेटी वाचली असती आणि मी गावी परतलो असतो. नोकरी लागल्याचं पहिलं पत्र बाबांना जायला हवं होतं; ते उद्या लिहीन. हे मिळालं तरी मला काही सांगू नका. मी विचारणार नाही. तुमचा, बाळू."