अक्काच्या पट्ट्यातलं कुसळ

डोळा लागतो आहे. लागलेला नाही अजून.

दुपार. गोठ्याच्या सावलीत घोंगडी टाकून मी आडवी झाले आहे, कारण उभं राहून करण्यासारखं काही उरलेलं नाही. संध्याकाळी व्यापारी टेम्पो घेऊन येणार आणि मेंढरं नेणार. सगळी. दोन गाई तेवढ्या राहतील. अव्वा आत चुलीपाशी आहे. आई आहे माझी, पण सकाळपासून आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही.

मेंढरं वाघरीत उभी आहेत. वाघर म्हणजे आमचं जाळं, मेखा ठोकून कळपाभोवती ताणायचं. एरवी या वेळी त्यांच्या रवंथाचा आवाज येतो, दूरच्या ओढ्यासारखा. आज येत नाही. पोटातच नाही तर रवंथ कशाचा.

येतो.

संथ, ओला, चावण्याचा आवाज. माझ्या कानापाशी.

"निंगे, सरक," अक्का म्हणते.

अक्का म्हणजे शिवलीला, माझी थोरली बहीण. मागच्या वैशाखात तिला कावीळ झाली आणि ती गेली. हे मला स्वप्नातही माहीत आहे. तिलाही माहीत आहे. मी सरकते. ती मांडी घालून बसते. तोंडात गवताची काडी आहे, ती चघळते आहे.

"म्हशीसारखी झोपतीस," ती म्हणते. "आज कुठला पट्टा?"

हा तिचा रोज सकाळचा प्रश्न. माळाखालच्या आमच्या रानाचे तिनं पट्टे पाडले होते. आज या पट्ट्यात गाई, त्यांनी वरचं गवत ओढायचं. उद्या त्याच पट्ट्यात मेंढरं, त्यांनी खालचं कुरतडायचं. मग पट्टा बंद, गवत पुन्हा वर येईपर्यंत. गाव हसायचं, शिवलीला गुरांना प्रदक्षिणा घालायला लावती म्हणून. ती म्हणायची, देवळात तुम्ही फिरता, तुमचं काय वाढलं?

"बोरीचा," मी म्हणते.

"चारून झाला."

"दगडाचा."

"मुळं दिसायलीत त्याची."

"टाकीचा."

"निंगे."

एका पट्ट्याचं नाव मी घेत नाही. ती वाट बघते. काडी तोंडात या गालातून त्या गालात जाते.

मी मेख उपटते. मेख हातात उलथनं होते. आम्ही स्वयंपाकघरात आहोत आणि फरशीतून गवत आलेलं आहे, गुडघाभर, डब्यांच्या मधून, चुलीच्या वैलातून. अव्वा त्यातच बसून भाकरी थापते. तिला गवत दिसत नाही. तिला अक्का दिसत नाही.

"तिला सांग, भाकरी करपली," अक्का म्हणते.

मी सांगते. अव्वा मान वर न करता म्हणते, "त्या पट्ट्यात जनावर जाणार न्हाई. माझ्या लेकीच्या डोक्यावर खूर पडू देऊ?"

पावसाळ्यातही ती हेच म्हणाली होती. याच शब्दांत. त्या दिवशी तिनं पट्ट्याच्या तोंडाला बाभळीचे फेस, म्हणजे काटेरी फांद्यांची आड, लावले, आणि मी तिला फांद्या ओढून दिल्या. सगळे पट्टे आळीपाळीनं चारून संपले. तो एक तसाच. पाऊस कमी पडला. दुसरं गवत कुठून

टेम्पो उभा आहे. यष्टी स्टँडवर, फलाटाला लावून. मेंढरं रांगेनं चढतात, शहाण्या प्रवाशांसारखी. चालकाच्या जागी कुणी नाही. म्हातारी मोरी मेंढी खिडकीतून माझ्याकडे बघते. मी म्हणते, उतर. ती म्हणते

नाही. मोरी बोलत नाही. अक्का बोलते आहे, आणि आम्ही तिच्या पट्ट्यात आहोत.

गवत छातीला लागतं. वाळून पिवळंजर्द झालं आहे. वारा नाही तरी हलतं. अक्का खाली, मधोमध, मांडी घालून. आमच्यात माणसाला पुरतात ते असं बसवून. आम्ही तिला इथंच बसवलं, तिनंच राखलेल्या रानात.

"पाय आखडलेत," ती म्हणते.

मी हातानं गवत बाजूला सारते.

"पट्टा कधीपर्यंत बंद ठिवायचा? काय शिकवलं होतं?"

"गवत गुडघ्याला येईपर्यंत."

"आन् मग?"

"मग जनावर सोडायचं. न्हाईतर कुसळ धरतं."

"धरलं की काय होतं?"

मला माहीत आहे. कुसळाला सुईसारखं टोक असतं आणि मागं पिळाची शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, आणि ते फिरत फिरत आत शिरतं. लोकरीतून कातडीत, कातडीतून मांसात. मेलेल्या मेंढराचं कातडं सोलताना आतल्या अंगानं टोकं दिसतात.

ती पाठ माझ्याकडे करते. मी बघत नाही. मी बघते.

"वर कुणी फिरत न्हाई," ती म्हणते. "खूर न्हाई, चावल्याचा आवाज न्हाई. अव्वाला वाटतं, मी निजलेय. मी बसलेय, निंगे. एकटी."

"काय करू?"

"आधी विळ्यानं शेंडे काढ. मग गाई घाल, तुडवू दे. मग मेंढरं." काडी थांबते. ती माझं मनगट धरते. हात गार आहे आणि हलका, वाळक्या पेंढीसारखा. "न्हाईतर तू ये बसायला. जागा हाय."

ती सरकते. मघाशी मी सरकले होते, तशी. मांडीएवढी जागा. मी वाकते. मला खरंच वाटतं की बसावं. गुडघे दुमडायला लागतात आणि खालून काहीतरी टोचतं

करपल्याचा वास.

ऊन घोंगडीवर आलं आहे. वाघरीत मेंढरं तशीच उभी, आवाज न करता. पोटरीला टोचतं म्हणून मी लुगड्याचा काठ उलटून बघते. एक कुसळ. शेपटीसकट, पिवळंजर्द. आमच्या सगळ्या रानात गवताला कुसळ धरेल एवढं काही उरलेलं नाही, एक तो पट्टा सोडून. आणि फेस लावल्यापासून त्यात कुणी गेलेलं नाही.

मी आत जाते. तव्यावर भाकरी काळी झाली आहे. अव्वा तिच्यासमोर नुसती बसली आहे, हात पिठाचे, ओले.

मी तिच्या तळहातावर कुसळ ठेवते.

ओल लागते. पीळ सुटतो. कुसळ आपल्याआपण फिरायला लागतं, हळूहळू, टोक तळहातात रोवून. अव्वा हात मागे घेत नाही. टोचत असणार. ती बघत राहते, ते थांबेपर्यंत.

मग ती ते उचलते आणि स्वतःच्या लुगड्याच्या काठात टोचून ठेवते.

"दोन विळे काढ," ती म्हणते. "टेम्पो यायच्या आत."