बाजेचा चौथा पाय

सोनईतल्या त्या म्हाताऱ्या सुताराचं नाव मी विचारलंच नाही. आठवड्यातली ती नववी बाज होती आणि मला फक्त घरी जायचं होतं. गावोगावच्या जुन्या बाजा, पाळणे, चौरंग मोजायचे, चहूबाजूंनी फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचं हुबेहूब मॉडेल करायचं, हे माझं काम.

बाज त्यांच्याच घरातली, त्यांनीच केलेली. तरी बसण्याआधी ते दर वेळी तिचा कोपरा तळव्याने दाबून बघायचे. डुगडुगली नाही, की मगच टेकायचे.

मॉडेल झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "हा पाय आखूड केला व्हय तुमी?"

चौथा पाय बाकीच्यांपेक्षा दोन बोटं लांब होता. मला ती चूक वाटली, म्हणून मी चारही सारखे केले होते. तसं सांगितलं.

ते चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"चूक न्हाई ती. त्या कोपऱ्यात मोरीकडं उतार हाय. बाज जिथं ठिवायची, तिथंच बसून पाय कापायचा, अशी आमची रीत. तुमी बाज मोजली, जमीन मोजलीच न्हाई."

केडगावला परतल्यावर मी तो पाय पुन्हा लांब केला. पण कॉम्प्युटरमधली जमीन सपाट. उतार मोजायला परत सोनईला जायला हवं होतं. गेलो नाही. पडद्यावर ती बाज आजही चौथा पाय दोन बोटं जमिनीत रुतवून उभी आहे.