खालच्या मजल्यावरची मुलाखत

जयपुरातल्या मराठी घरांमधल्या झाडून साऱ्या मुलांना नोकरीला लावण्याचं काम आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी केलं आहे, आणि त्यांतल्या एकालाही काकांनी सांगितलेली नोकरी लागलेली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला काकांना ओळखावं लागतं. काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मूळचे मिरजेकडचे. बदल्या होत होत जयपूरला पोचले आणि इथल्या कोरड्या हवेत काकूंचे गुडघे कमी दुखतात म्हणून निवृत्तीनंतरही जवाहर नगरातच राहिले. माझे बाबा बँकेत. आम्हीही असेच बदलीने आलेलो, मी तेव्हा सहा वर्षांची होते. इतर माणसं निवृत्त झाली की सकाळी फिरायला जातात, देवळात जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. काकांनी तरुण पिढीचं भवितव्य हाती घेतलं. भवितव्याने काही तक्रार केली नाही, म्हणून ते त्यांच्याच हाती राहिलं.

दर रविवारी सकाळी दहाला काकांच्या बैठकीच्या खोलीत मुलाखत असे. उमेदवाराने आतल्या जिन्याने उतरायचं नाही; बाहेरून, फाटकातून येऊन घंटा वाजवायची. काका कोट घालून बसलेले असत. कोट वर आणि खाली पायजमा, कारण टेबलाखालचं उमेदवाराला दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. शेजारी काकू, मुलाखत मंडळाच्या दुसऱ्या सदस्य, हिवाळ्यात मटार सोलत आणि उन्हाळ्यात गवार मोडत बसलेल्या. ज्या काकांनी मला सायकल शिकवली, ते मला विचारत, "आपलं शुभनाव?" आणि मी सांगितलं की ते कागदावर लिहून घेत. नियम कडक होते. खुर्ची मागे घेताना आवाज होता कामा नये. समोर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी प्यायचं नाही. "ते पाणी नाही, तो सापळा आहे. घसा कोरडा पडला म्हणजे माणूस घाबरला, हे मंडळाला कळतं." जगाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर खुशाल 'माहीत नाही, सर' म्हणावं, पण स्वतःबद्दलच्या प्रश्नाला ते चालत नाही. "स्वतःचं तरी माहीत पाहिजे ना, मतलब!" आणि शेवटचा नियम म्हणजे, जाताना निकाल कधी लागेल हे चुकूनही विचारायचं नाही. विचारणारा गरजू दिसतो, आणि मंडळाला गरजू माणूस आवडत नाही. मिलिटरी स्टेशनातल्या एका सुभेदारांचा मुलगा पहिल्याच रविवारी ताठ बसला, ताठ बोलला आणि दुसऱ्या प्रश्नाला पेला उचलून घटाघटा पाणी प्यायला. काकांनी त्याला तिथल्या तिथे नापास केलं. तो पोरगा आज एका मोठ्या हॉटेलात आहे आणि आल्यागेल्याला पाणी विचारणं हे त्याच्या कामातलं पहिलं काम आहे. ही गोष्ट मी काकांना कधी सांगितलेली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र बघून यायचं, हा तर काकांचा धर्मच. बघून यायचं म्हणजे रस्ता पाहून परतायचं असं नव्हे. स्कूटरवरून मला घेऊन ते जगतपुऱ्यापलीकडच्या एका शाळेत गेले, तिथल्या चौकीदाराशी अर्धा तास त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलले आणि त्याच्याकडून एक वर्ग उघडून घेतला. "अगं, बस जरा बाकावर. सवय होऊ दे." मी बसले. त्यांनी पंखा लावून पाहिला, खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहिलं, बाक डुगडुगतो म्हणून पायाखाली कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी माझा नंबर त्याच शाळेच्या दुसऱ्या इमारतीत लागला, आणि ज्या कुणाला तो न डुगडुगणारा बाक मिळाला तो उत्तीर्ण झाला असावा. मी तरी झाले नाही. चौकीदार मात्र फाटकात मला पाहून म्हणाला, "बाबूजी नहीं आए?"

काकांकडे आम्हा प्रत्येकाच्या नावाची एक फाइल होती आणि प्रत्येक फाइलीत दोन रकाने: पहिला मार्ग आणि दुसरा मार्ग. "दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे," हे त्यांचं ब्रीद. त्यावर काकू मटारातून मान वर न काढता म्हणत, "म्हणून तर घरात डास येतात." मार्ग ठरायचे ते काकांच्या आयुष्यात त्या आठवड्यात काय घडलं यावर. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हा सगळ्यांच्या फाइलीत 'चष्म्याचं शास्त्र' आलं. न्हाणीघरातला नळ गळत होता आणि प्लंबर चार दिवस "बस, आ रहा हूँ साब" म्हणत आला नाही, तेव्हा बी. कॉम. झालेल्या मला काकांनी गंभीरपणे सांगितलं, "पुढची पन्नास वर्षं नळवाल्यांची आहेत." माझ्या बायोडेटावर मी छंद म्हणून लिहिलं होतं, पाहुण्यांना जयपूर दाखवणे. ते खरंही होतं. बदलीच्या गावी राहणाऱ्या घरात मुलं शाळेत कमी आणि किल्ल्यावर जास्त वाढतात. साताऱ्याची आत्या आली चला आमेर, आत्याच्या जाऊबाई आल्या चला आमेर, जाऊबाईंच्या माहेरचे आले चला पुन्हा आमेर. बाबा कामावर, आईला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून दहाव्या वर्षापासून ही जबाबदारी माझी. काकांनी ती ओळ लाल शाईने खोडली. "हा छंद नाही, शिक्षा आहे," ते म्हणाले आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'वाचन, बागकाम'. पुढे एका मुलाखतीत मॅडमनी कौतुकाने विचारलं की बागेत काय काय लावता. मी म्हटलं, मनीप्लांट. त्यांनी आणखी काय, असं विचारलं. मी म्हटलं, दुसरा मनीप्लांट.

अशी दोन वर्षं गेली. अकरा ठिकाणांहून मला "कळवू" असं सांगण्यात आलं. हा शब्द इतका सभ्य आहे की त्याचा अर्थ कळायलाच मला पहिली चार ठिकाणं लागली. घरात हळूहळू कुणी काही विचारेनासं झालं. तेच जास्त लागायचं. आई फोनवर नातेवाइकांना 'तयारी चाललीय' म्हणायची, आणि ते म्हणताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. त्या दिवसांत माझी रोजची चौकशी करणारा एकच माणूस होता, आणि तो मला नळ दुरुस्त करायला सांगत होता. पण तो विचारत होता. त्याबद्दल मी काकांची जन्मभर ऋणी आहे, हे इथे सरळच लिहून टाकते.

आणि मग एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक बँकेचं: अधिकारी म्हणून निवड, पहिली नेमणूक ओडिशातल्या एका गावी, पुढे देशात कुठेही. दुसरं बनी पार्कातल्या एका छोट्या सहल कंपनीचं. झालं असं होतं की, बाबांच्या कचेरीतल्या साताऱ्याच्या मंडळींना मी आमेर दाखवत असताना शेजारी उभ्या असलेल्या एक बाई बराच वेळ ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आप किस कंपनी से हैं?" मी म्हटलं, कुठल्याच नाही, हे आमचे पाहुणे आहेत. त्यांना महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांसाठी माणूस हवं होतं. पगार बँकेच्या निम्मा, निवृत्तिवेतनाचं नाव नाही, आणि मे महिन्यात जयपूर बघायला कोणी येत नाही. दोन्हीकडे सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काय आहे?" मला मात्र त्या दोन रात्री झोप आली नाही, कारण मला मनातून काय हवंय ते मला चांगलंच माहीत होतं आणि ते मोठ्याने म्हणायचं धाडस होत नव्हतं.

रविवारी दहाला मी खाली गेले. दोन्ही पत्रं काकांपुढे ठेवली आणि म्हटलं, "काका, सांगा." इतक्या वर्षांत हा पहिला प्रसंग, की दोन्ही रकान्यांत खरोखरचं काही लिहिण्यासारखं होतं. काकांनी चष्मा पुसला. पत्रं वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली. "दोन्ही दरवाजे उघडे ठेव," ते म्हणाले. मी म्हटलं, उद्या त्यातला एक बंद होणार आहे. मग म्हणाले, "बाबांना विचार." मग म्हणाले, "ओडिशाची हवा कशी असते बघायला हवं." मी चिडले. दोन वर्षं या माणसाने मला न विचारता शंभर मार्ग सांगितले आणि आज मी विचारतेय तर याला हवामान सुचतंय! मी टेबलाच्या पलीकडे जाऊन काकांच्या खुर्चीत बसले. "आज तुम्ही उमेदवार," मी म्हटलं. "या आत."

मला वाटलं, हसतील. पण काका उठले, कोटाचं बटण लावलं, बाहेर गेले, दार लोटलं आणि घंटा वाजवली. काकू म्हणाल्या, "आता बोलव बाई त्यांना, थंडी आहे बाहेर." काका आले, परवानगी घेऊन बसले, खुर्चीचा जराही आवाज झाला नाही. मी त्यांचाच नेहमीचा प्रश्न विचारला, "हे क्षेत्र आपण का निवडलंत?"

"मी निवडलं नाही, मॅडम," काका म्हणाले. "वडील कचेरीत होते. फेब्रुवारीत गेले. मी एकोणीस वर्षांचा, खाली दोन बहिणी. एप्रिलमध्ये मला त्यांच्याच विभागात घेतलं, अनुकंपा तत्त्वावर."

"आणि मुलाखत?"

"मुलाखत नव्हती. मृत्यूचा दाखला होता."

जयपुरातल्या पोरांना खुर्ची सरकवायला शिकवणाऱ्या या माणसाची जन्मात कधी मुलाखतच झाली नव्हती. काकूंना माहीत असावं, कारण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मटारही सोलत नव्हत्या. मी घाबरत घाबरत पुढचा प्रश्न विचारला. "तेव्हा कोणी विचारलं असतं, तर आपल्याला काय व्हायचं होतं?"

काकांनी पेल्याकडे पाहिलं. मग तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"माहीत नाही, मॅडम," ते म्हणाले. जरा थांबून, अगदी प्रामाणिकपणे, "कोणी विचारणार आहे असं कळलं असतं, तर तयारी केली असती."

मग ते उठले. खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली, आभार मानले, दारापर्यंत गेले आणि तिथे वळून उभे राहिले. कोटाच्या खाली पायजमा दिसत होता. "निकाल कधी कळेल?" त्यांनी विचारलं.

कळवू, हा शब्द मला अकरा वेळा ऐकून पाठ झाला होता. पण तो तोंडातून निघेना. काकूच म्हणाल्या, "आधी पोहे खा. निकाल कुठे पळून जात नाही."

सोमवारी मी बँकेला नकार कळवला. बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी म्हणाले की त्यांच्या एका मित्राला सहकुटुंब जयपूर बघायचं आहे. त्या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. निर्णय बरोबर होता की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. मे महिन्यात रिकाम्या कचेरीत बसले की चूक वाटतो आणि नोव्हेंबरात आमेरच्या पायऱ्या चढताना बरोबर वाटतो. पण हे का करतेस असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, आणि पेला मी हात न लावता तसाच ठेवू शकते.

काका-काकू गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेले. जाताना काकांनी माझी फाइल मला दिली. बायोडेटावरचं 'वाचन, बागकाम' खोडून त्यांनी माझी जुनी ओळ स्वतःच्या हाताने परत लिहिली होती. दर रविवारी दहाला त्यांचा फोन येतो. मी बहुतेक वेळा किल्ल्यावर असते, तरी पाहुण्यांना दोन मिनिटं थांबवून घेते. ते पुण्याच्या हवेबद्दल बोलतात, काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलतात, त्यांच्या सोसायटीतल्या दोन मुलांना ते घंटा वाजवायला शिकवत आहेत त्याबद्दल बोलतात. शेवटी आवाज जरा खाली आणून विचारतात, "निकालाचं काय झालं, मॅडम?"

"अजून लागायचाय, काका," मी सांगते.

"बरं, घाई नाही," काका म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत.