उपाशीपोटी चुना

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. बरं, राहू द्या. हसा बाप्पा! आमची सगळी रांझी वस्ती हसून झाली आहे, तुमची तेवढी भर पडायची राहिली होती.

पण एक गोष्ट आहे हं. रांझी ज्याला हसते ते वेगळं आणि खरं घडलं ते वेगळं. खरं फक्त तिघांना ठाऊक आहे: मला, आमच्या ह्यांना आणि डॉक्टर मॅडमना. चौथे तुम्ही. तेव्हा इथला शब्द इथंच ठेवा.

तर मला थायरॉईड आहे. आता तुम्ही म्हणाल, कुणाला नाही? खरं आहे. पण मी जात्याच घाबरट. मला शिंक आली तरी डोळ्यांपुढे न्यूमोनिया उभा राहतो. त्यात डॉक्टर मॅडमनी सगळ्या तपासण्या करायला लावल्या आणि रिपोर्ट काय आला? व्हिटॅमिन डी कमी, कॅल्शियम कमी, लोह कमी, बी ट्वेल्व्ह काठावर. अंगात रक्ताऐवजी नुसतं पाणी फिरतंय की काय, असं वाटायला लागलं मला!

मॅडमनी शांतपणे समजावलं. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर तासाभराने. लोहाची गोळी दुपारी. कॅल्शियमची रात्री जेवल्यावर. "और ये याद रखिए," त्या बोट उचलून म्हणाल्या, "थायरॉईड की गोली और कैल्शियम की गोली में कम से कम चार घंटे का फ़र्क!"

मी लगेच मान डोलावली. शिक्षिका आहे हो मी, एकदा सांगितलेलं कळतं मला.

पण ती कॅल्शियमची गोळी तुम्ही पाहिली आहे का? घोड्याला देत असतील तेवढी! पहिल्याच रात्री ती घशात अडकली. आधीच घशाचं दुखणं, त्यात घशात गोळी. मी डोळे पांढरे केले, ह्यांनी पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठं ती खाली उतरली. त्यानंतर मी कानाला खडा लावला. रात्री हे विचारत, "कॅल्शियम घेतलं?" मी म्हणे, "घेतलं!" आणि गोळी जाई अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत.

पण हाडांची काळजी काही जाईना. उठता बसता गुडघा कटकट वाजे आणि प्रत्येक कटकटीला मला वाटे, झालं, मोडलं! अशात फोनवर एक मेसेज आला. पानात लावतात तो चुना गव्हाच्या दाण्याएवढा, दह्यात कालवून, रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, हाडं वज्रासारखी होतील. वाचून मी मांडीवर थाप मारली. चुना म्हणजे कॅल्शियमच की! इतकी वर्षं आठवीच्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवते आहे, आणि मलाच सुचू नये?

आता ह्यांना सांगायची सोय नव्हती. मागे मी असाच एक कारल्याच्या रसाचा प्रयोग ह्यांच्यावर केला होता, त्यात हे आडवे झाले आणि फॅक्टरीत रजा टाकावी लागली. तेव्हापासून घरात फोनवरच्या औषधांना बंदी. म्हणून शाळेतून येताना मी बाजारातल्या पानठेल्यावर गेले. डोक्यावरून पदर, हातात छोटी डबी. जणू काही चोरीच करायला निघाले होते.

"भैया, थोडा चूना देना."

ठेलेवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सिर्फ़ चूना, मैडम? तंबाखू नहीं?"

मागे फॅक्टरीतून सुटलेली माणसं उभी. मला घाम फुटला. आता ह्याला हाडांची कथा सांगत बसले तर ती संध्याकाळच्या आत ह्यांच्या कानावर जाईल! काहीतरी बोलून सुटायचं म्हणून मी म्हटलं, "वो घर पे है."

बोलून गेले हो! तोंडातून निघून गेलं, आणि मी डबी घेऊन घरी. चुना संपला की पुन्हा जायची. पुढे पुढे तर तो मला पाहिलं की न विचारताच डबीसाठी हात पुढे करायचा.

चुना उपाशीपोटी घ्यायचा आणि थायरॉईडची गोळीही उपाशीपोटी. मग दोन्ही एकदमच घेऊ म्हटलं, पोट काही दोनदा उपाशी नसतं. आणि ते चार तासांचं अंतर? ते गोळीत आणि गोळीत ठेवायचं होतं. चुना काही गोळी नाही! असं माझं शास्त्र.

काही आठवड्यांनी तपासणी झाली. थायरॉईडचा आकडा वाढलेला. मॅडमनी गोळीची ताकद वाढवली. पुन्हा तपासणी केली तर आकडा आणखी वर! पुन्हा ताकद वाढवली. मॅडम विचारत, "कैल्शियम रात को ही ले रही हैं ना?" मी म्हणे, "जी, रात को ही." तुळस रात्रीच घेत होती, खोटं काय त्यात?

पण मला मात्र धडकी भरली. औषध लागूच पडत नाही म्हणजे काय? चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, जिना चढले की थकवा. केस तर कंगव्यातच जास्त दिसत. आणि मॅडम रिपोर्ट पाहून नुसतं "हं" म्हणत. हे "हं" फार वाईट असतं हो! मी मनाशी ठरवून टाकलं, मला काहीतरी मोठं झालंय आणि ते माझ्यापासून लपवून राहिले आहेत.

त्यात लोक माझ्याशी विचित्र वागायला लागले.

शेजारच्या दुबे भाभी, ज्या एरवी साखर मागितली तरी वाटी मोजून देत, त्या बडीशेप आणि खडीसाखरेची बरणीच घेऊन आल्या. "दीदी, जब भी मन करे, ये मुँह में डाल लिया करो," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, ह्या का रडून राहिल्या?

एकदा घरात दही संपलं म्हणून चुना पाण्यात घेतला आणि जीभ पोळली. शाळेत तोंडावर हात धरून शिकवत होते. आमच्या बड़ी मॅडमनी, म्हणजे प्राचार्यांनी, मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. माझा हात हातात घेतला.

"मुँह में छाले हैं?"

"जी."

"कबसे चल रहा है ये सब?" मी म्हटलं, "दो तीन महीने से." त्यांनी सुस्कारा सोडला. "हिम्मत मत हारिए. अभी भी देर नहीं हुई है. मेरे जेठजी का आख़िर तक किसी ने ध्यान नहीं दिया..." पुढं त्यांना बोलवेना.

बोला! जेठजींचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या दिरांचं, काय झालं हे विचारायची मला छाती होईना. वर्गात जाऊन मी मुलींना स्वाध्याय दिला आणि खिडकीशी उभी राहून रडले.

पण खरी खात्री पटली ती ह्यांच्यामुळे. आमचे हे म्हणजे फॅक्टरीतलं यंत्र. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी गोड शब्द नाही. ते आता घरी आले की माझ्या अगदी जवळ येऊन बसत. चेहऱ्यापाशी चेहरा आणत, श्वास घेत, माझ्याकडे टक लावून पाहत. मग उठून जात. मला हुंदका आवरेना. म्हटलं, शेवटचे दिवस गोड करून राहिला आहे माझा नवरा! एकदा तर मी पाहिलं, हे गुपचूप माझी पर्स उघडून चाचपत होते. आठवणीसाठी काहीतरी हवं असेल बिचाऱ्यांना.

त्या रविवारी मी कपाट आवरायला काढलं. कोणती साडी कुणाला द्यायची, याचे ढीग लावले. दीक्षितपुऱ्यातल्या माझ्या जावेसाठी पैठणी काढून ठेवली. द्यायचं जिवावर आलं होतं, पण म्हटलं, वरती काय पैठणी नेसणार आहे?

हे दारात येऊन उभे राहिले. "हे काय करून राहिली?"

"अहो, आता लपवू नका. मला सगळं समजलंय."

ह्यांचा चेहरा पडला. "समजलं? चलो, बरं झालं. मला कसं काढावं विषय, तेच कळून नाही राहिलं होतं. पण घाबरू नको. आपण डॉक्टरकडे जाऊ. यातून माणसं बाहेर येतात."

"किती दिवस आहेत?" मी रडत विचारलं.

"लागतील काही महिने. तुझ्या मनावर आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमसमोर आम्ही दोघं. मी रुमाल पिळत बसलेली. ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मैडम, ये तंबाखू खाती है. इसको छुड़वाना है."

मी रडायचीच थांबले!

"काय? मी? तंबाखू?"

"आता काहून नाही म्हणतेस? रोज ठेल्यावरून चुना नेतेस ना! तंबाखू घर पे है, म्हणालीस ना? अख्ख्या फॅक्टरीला माहीत आहे, सगळी रांझी हसून राहिली. दुबे भाभींना माहीत आहे. तुझ्या बड़ी मॅडमचा मला फोन आला होता!"

"अहो, तो चुना हाडांसाठी होता! कॅल्शियमसाठी!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. फार हळू आवाजात विचारलं, "चूना... लेती कब हैं?"

"सुबह. थायरॉईड की गोली के साथ."

"साथ में?"

"जी. दोनों ख़ाली पेट ही लेना था ना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावलं. कॅल्शियम गोळीतलं असो की चुन्यातलं, ते थायरॉईडच्या औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. म्हणजे मी रोज औषध घेत होते आणि रोज स्वतःच त्याची वाट अडवत होते. वर ठेल्यावरचा चुना म्हणजे काही औषध नव्हे, तोंड पोळतं ते वेगळंच. मोठा आजार बिजार काही नाही. चुना बंद, गोळी एकटी, कॅल्शियम रात्री, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

"और वो जो कैल्शियम की गोलियाँ मैंने दी थीं?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हटलं, "तुलसी में."

"तरीच!" हे म्हणाले. "तरीच कुंडीतली माती पांढरी पडून राहिली!"

मॅडम हसू दाबत होत्या. "अच्छा, मैडम, आप पढ़ाती क्या हैं?"

अहो, इतिहास म्हणावं, भूगोल म्हणावं! पण मी मेली खरं बोलून गेले.

"विज्ञान."

बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू! मरणार नव्हते मी. पैठणी वाचली होती. मोटरसायकलवर मागे बसल्या बसल्या मी म्हटलं, "अहो, आता सगळ्यांना सांगून टाका, की ही तंबाखू खात नाही."

"सांगतो ना. उद्याच सांगतो," हे म्हणाले. "पण लोक विचारतील, मग चुना काहून नेत होती? तर काय सांगू? विज्ञानाची बाई रोज सकाळी औषधावर चुना खात होती, आणि कॅल्शियमच्या गोळ्या तुळशीला घालत होती?"

माझ्या डोळ्यांपुढे आठवीचा वर्ग आला. फळा आला. फळ्यावर माझ्याच अक्षरातलं चुन्याचं सूत्र आलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "काही सांगू नका."

पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. चेहऱ्यावरची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. बड़ी मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं आणि कानाशी येऊन विचारलं, "छूट गया?"

मी पदर तोंडाला लावला. "जी, मैडम. बड़ी मुश्किल से छूटा."

त्यांनी मला मिठीच मारली. आणि सोमवारच्या प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर, तंबाखू कशी सोडली याचा अनुभव सांगायला मलाच उभं केलं. सांगितला की! असा सांगितला, असा सांगितला, की दुबे भाभींची नात पहिल्या रांगेत बसून रडली. टाळ्या काय पडल्या म्हणता!

चुन्याचं नाव मात्र मी काढलं नाही.