मास्तरांच्या चार वह्या

गोदामात कुठलंही खोकं उतरलं की मास्तर आधी विचारायचे, "हे दीड हजार वर्षांपूर्वी कुठून आलं असतं, सांगा पाहू?" खोक्यात जपानी पंखे असोत नाहीतर कराचीचा तांदूळ, उत्तर इराणच्या बादशहापाशीच जाऊन थांबायचं. आखातात मनामाच्या बंदरावर ते स्टोअरकीपर होते. त्याआधी राजापुरात इतिहास शिकवायचे. मी त्याच कंपनीचा ड्रायव्हर, शहरातल्या हूरा वस्तीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा.

"अरे सदा, रोमला रेशीम हवं, चीनकडे ते पडलेलं. पण मध्ये कोण बसलंय? इराणी! त्यांच्या हातातून गेल्याशिवाय तागा पुढे सरकायचा नाही. आपल्या कल्याणपर्यंत यांची गलबतं यायची." तेव्हा पलीकडे इराण-इराकची लढाई पेटलेली, नोकरी राहते की जाते म्हणून आम्ही रेडिओला कान लावून, आणि मास्तरांचं हे! कुणीतरी खेकसायचं, "मास्तर, व्हिसाचं बोला." ते ओशाळं हसायचे.

शुक्रवारी सुट्टीला आम्ही मटण शिजवायचो, ते लिहीत बसायचे. नऊ वर्षांत चार जाडजूड वह्या झाल्या. इराणी साम्राज्यं आणि कोकणची बंदरं. पुण्यातल्या त्यांच्या जुन्या सरांनी ते वाचावं, एवढी एकच आस. दुसरी प्रत नव्हती. पोस्टावर भरवसा नव्हता. "माणसाच्या हातचं पोचतं. इराण्यांचा हजार कोसांचा व्यापार कशावर चालला? नेणाऱ्याच्या शब्दावर." मी रजेवर निघालो तेव्हा वह्या फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

निघायच्या दिवशी खोलीत ताणकाट्याला बॅग लावली. वजन जास्त. बायकोनं टेपरेकॉर्डर मागितलेला, मेव्हण्याला ब्लँकेट. मी वह्या काढल्या आणि खाटेखाली सरकवल्या. म्हटलं, पुढच्या खेपेला नेऊ, मास्तरांना कुठं कळतंय! मेल्या सदा, जीभ कशी झडली नाही तुझी?

दोन महिन्यांनी परतलो तर खोली रिकामी. आमच्या माणसांना कंपनीनं शहराबाहेर अस्करच्या कॅम्पात हलवलेलं. खाटेखालचं सगळं कचऱ्यात. मी कचऱ्याचे ड्रम उपसले, बंगाली सफाईवाल्याचे पाय धरले. "मफी, भाई," तो म्हणाला. म्हणजे काही उरलं नाही.

संध्याकाळी कॅम्पात पोचलो, तर मास्तर आलेच. "दिल्यास ना रे?"

"दिल्या," मी म्हणालो.

मग ते सरांच्या पत्राची वाट बघू लागले. ऑफिसात टपाल आलं की चष्मा पुसत उभे. मी म्हणायचो, "विचारा की सरांना." तेही भीतभीत, आणि ते नको म्हणाले की सुटलो वाटायचं. "छे, बरं दिसत नाही. वाचू देत सावकाश." वर्ष गेलं, दुसरं गेलं. एका शुक्रवारी ते आमच्यात येऊन कांदा चिरायला बसले. मला म्हणाले, "सर कुणाला दुखवत नाहीत. वाईट असलं की गप्प बसतात." इराणचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. रोज शेपूट घालायचो.

सत्याऐंशीत ते कायमचे निघाले. विमानतळावर मीच सोडलं. आत जाताना थांबले, माझा हात धरला. "सदा, माझ्यापायी तू एवढं ओझं वाहून नेलंस. फुकट गेलं रे. माफ कर मला."

मी म्हणालो, "असू द्या, मास्तर."