बारा थाऊची लग्नपत्रिका

चौक्याच्या घाटात गाडी बंद पडली तेव्हा नवरदेव मागच्या सीटवर होता, त्याचे वडील बापूराव पुढं, आणि स्टीअरिंगवर मी, डोक्याला गुलाबी फेटा बांधून. बाकीचं वऱ्हाड ट्रकनं पुढं गेलं होतं. सिल्लोडला मुहूर्त साडेबाराचा, अन् इथंच पावणेअकरा वाजलेले.

"लतीफ, परवाच तर टॅपेट करून दिले ना तू?" बापूराव म्हणाले.

घोडं तिथंच पेंड खात होतं. टॅपेट म्हणजे काय, सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात, म्हणजे उघडझाप करणाऱ्या झडपा. त्यांना वरून दाबतो तो रॉकर. दोघांच्या मधे जराशी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट असली की टिकटिक होणारच. बापूरावांना नेमकी ती नको होती. व्याह्यांच्या दारात गाडी शिलाई मशीनसारखी वाजत गेली तर आमच्या गारखेड्याची अब्रू जाईल म्हणे. मी समजावलं, ते ऐकेनात. शेवटी मन राखायला मी सगळ्या फटी आवळल्या. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा मिस्तरी मी, अन् असला गाढवपणा! गॅरेजात गाडी गुमान चालली. घाटात तापली, झडपा पुरत्या मिटेनात, इंजिनाची ओढच गेली.

"चूक माझी हाय, बापूराव," मी म्हणालो. "अर्धा तास द्या."

डिकीत पाने होते, स्क्रू ड्रायव्हर होता. फट मोजायची पत्ती, फिलर गेज, तेवढी नव्हती. लग्नाला जाताना ती कोण खिशात घालतं? या गाडीला गरम इंजिनावर बारा थाऊ फट लागते, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले बारा. खिशात सापडली लग्नपत्रिका. कोपरा चिमटीत धरून पाहिला. बाराची पत्ती जन्मभर हाताळलेली बोटं माझी, त्यांना लगेच ओळख पटली. खालची एक पट्टी कापून घेतली.

फेटा सोडला, त्यानंच इंजिनावरचं तापलेलं कव्हर काढलं. जुनी गाडी, आता पुढून हँडल घालून इंजिन थोडं थोडं फिरवायला माणूस हवा होता. बापूरावांचा गुडघा धरलेला. मग नवरदेवच उतरला, मुंडावळ्या कानामागं सारल्या अन् हँडलला भिडला. मी थांब म्हटलं की थांबायचा. एकेका रॉकरखाली पट्टी घालायची, जराशी अडत निघाली पाहिजे, मग नट आवळायचा. असे आठ. शेजारून गेलेल्या एसटीतल्या लोकांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. पोरगं लाजून लाल झालं, पण हँडल सोडलं नाही.

सेल्फ मारला. टिकटिक, टिकटिक. काय बरं वाटलं म्हणून सांगू! घाट एका दमात चढलो.

बारा वीसला मांडवात. व्याह्यांनी बॉनेटकडं कान देऊन विचारलंच, आवाज कसला येतोय? बापूराव छाती काढून म्हणाले, "इंजिन ठणठणीत हाय. आवाज नाय आला तर भ्यायचं."

अक्षता पडल्यावर बापूरावांनी माझ्या खिशातली पत्रिका पाहिली. कापली गेलेली ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये'.

"ओळ कापलीस, मग आहेर कुठाय?"

"वेळेवर आणलाय की, बोहल्यावर उभा हाय."

ती तेलकट पट्टी अजून माझ्या पान्यांच्या पेटीत आहे. टॅपेटचा आवाज बिलकूल नको, असं कोणी म्हटलं की मी ती त्याच्यापुढं ठेवतो अन् एवढंच विचारतो, घाट चढायचाय का?